सीडी, लॅपटॉप आणि बसू

"दोन टेबलं मांडा," बाळगोंडा काका म्हणाले. "ह्या टेबलावर भरतेशची सीडी, त्या टेबलावर बसूचा लॅपटॉप. स्पीकर तेच. मी मधी खुर्ची टाकून बसतो. माझ्या कानाला जे बरं वाटंल ते सीझनभर लॉनवर."

उन्हाळ्याची दुपार होती आणि त्या दिवशी लॉनवर लग्न नव्हतं. मांडवाचे नुसते खांब उभे होते. काकांनी पानाची चंची मांडीवर घेतली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि न्यायनिवाड्याला बसल्यासारखे बसले. जन्मभर ऊस लावलेला माणूस. हातकणंगले रस्त्याला जमीन आली म्हणून लॉन काढलं आणि आता डीजेची परीक्षा घ्यायला निघाला होता. मला हसू येत होतं. पण हसायची सोय नव्हती, कारण परीक्षा माझीच होती.

समोरच्या टेबलामागं उभा होता तो बसवराज, माझा बसू. आमचा दोघांचा मिळून एक डीजे होता, 'डबल बी'. भरतेशचा बी आणि बसवराजचा बी. मी वाजवायचो आणि बसू बाकीचं सगळं बघायचा. जनरेटर, वायरी, पाहुण्यांच्या फर्माइशी, आणि कुणी दारू झोकून टेबलावर आला की त्याला गोडीगुलाबीनं बाजूला नेणं. हे शेवटचं काम सोपं नसतं. मी एकदा करून बघितलं होतं, तर शर्ट फाटला होता.

काकांना लॉनवर कायमचा डीजे ठेवायचा होता. लग्नवाल्यांनी बाहेरून कुणाला आणायचं नाही, लॉनचाच वाजणार. आमच्या इचलकरंजीच्या पट्ट्यात तेव्हा असली जागा मिळणं म्हणजे लॉटरी. घरात माझं आधीच ठरून गेलं होतं. ही जागा मिळाली तर मी डीजे, नाही मिळाली तर गुमान कारखान्यात जायचं आणि यंत्रमागावर उभं राहायचं. आई म्हणाली होती, "ह्या वर्षाला काय ते एक लाव." मीही हो म्हणालो होतो, कारण ही जागा आमचीच असं मी धरून चाललो होतो.

पण मध्येच काका सांगलीला पुतण्याच्या लग्नाला गेले आणि तिथून नवं वेड डोक्यात घेऊन आले. तिथला डीजे म्हणे पाठीला शाळेच्या पोरासारखी बॅग लावून आला, लॅपटॉप काढला, चहा प्यावा तितक्या सहज वाजवलं आणि गेला. एकटाच. "आणि तुम्ही दोघं," काका आम्हाला म्हणाले, "टेंपो भरून येताय. दोन प्लेअर, मधी ते मिक्सर, सीड्यांच्या पेट्या. मला एकाच माणसात भागत असंल तर दोन कशाला पोसू?"

खरं म्हणजे तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं.

त्या दिवशी आम्ही दोघं स्टँडजवळच्या गाड्यावर चहाला थांबलो. मी तणतणत होतो. आता मीही कधीमधी वाजवलंच तर लॅपटॉपवरच वाजवतो, दुकानात सीडी मागितली तर पोरं तोंडाकडं बघतात, हे सगळं मान्य. पण तेव्हा मला लॅपटॉपचा मनापासून राग होता, आणि माझं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

"लॅपटॉपवर काय करायचं असतंय रे?" मी म्हणालो. "पडद्यावर दोन गाण्यांच्या रेघा दिसत्यात. ह्या रेघेखाली ती रेघ आली की झालं. टायपिंगचा क्लास हाय काय? कानाचा काय संबंध त्याच्यात?"

"नाचणारा कुठं बघतोय कानानं केलंस का डोळ्यानं," बसू म्हणाला.

"आणि मे महिन्यात तापून बंद पडला म्हणजे? वरात मधल्या चौकात, आणि तुझ्या पडद्यावर ते गोल फिरतंय. नवरदेव घोड्यावर बसून तुझ्याकडं बघतोय."

"सीडी अडकत न्हाई व्हय? परवा शिरोळला बेसच्या दणक्यानं प्लेअर हादरला आणि गाणं उड्या माराय लागलं. नवरीची आत्या किती बोलली. कुणी ऐकून घेतलं? मीच की."

"तुझं काय म्हणणं हाय मग?"

बसूनं बशीत चहा ओतला. "माझं म्हणणं काय नसतंय गड्या. फर्माइश आली की मला पेट्यांत हात घालावा लागतोय. लॅपटॉपला नाव टाकलं की गाणं समोर. एवढंच. माझ्या पाठीला जरा आराम."

आता पेटीचं सांगायला पाहिजे. सीडीवर डीजे लोक गाण्याचं नाव लिहीत नसत. लिहिलं की दुसरा डीजे टेबलाशी येऊन वाकून बघणार आणि दुसऱ्या दिवशी तीच यादी गावभर. म्हणून प्रत्येकाच्या आपल्या खुणा. माझ्या सीड्यांवर नुसते रंगीत ठिपके असत, आणि कुठल्या ठिपक्यामागं काय आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि बसूला. मी वाजवताना मान वर न करता नुसता हात मागं करायचो, आणि पाहिजे ती सीडी हातात पडायची.

"असं करू," चहा संपवून तो म्हणाला. "काकांना बघायचंच हाय न्हवं? मी मेव्हण्याचा लॅपटॉप आणतो. तू सीडी वाजव, मी लॅपटॉप वाजवतो. मला तर धड वाजवाय येत न्हाई. काका ऐकतील, त्यांचं त्यांनाच कळंल."

"आणि त्यांनी लॅपटॉपच म्हटलं तर?"

"तर लॅपटॉपवर तू वाजवशील. शिकायला तुला किती वेळ लागतोय? काकांना सांगायचं, ठेवायचं तर दोघांना, न्हाईतर कुणालाच न्हाई." त्यानं हात पुढं केला आणि मी त्यावर हात मारला. चहाचे पैसेही त्यानंच दिले.

तर अशी आमची ती दुपार. पहिली पाळी माझी.

मी हेडफोन एका कानाला लावला, दुसरा कान स्पीकरकडं. सीडीवर दोन गाणी जोडायची म्हणजे एक गाणं सगळ्यांना ऐकू येत असतं आणि दुसरं फक्त तुमच्या एका कानात. त्या दुसऱ्याचा वेग पट्टी सरकवून कमीजास्त करायचा, चकतीला बोटानं जरा ढकलायचं, जरा अडवायचं, आणि दोघांचे ठोके एकावर एक बसले की हळूच दुसऱ्याचा आवाज वर घ्यायचा. ऐकणाऱ्याला कळूच नये की गाणं बदललं कधी. त्या दिवशी माझा हात चांगला चालला होता. काकांचा पाय हलायला लागला. पान खायचं राहून गेलं आणि चुन्याचं बोट तसंच हवेत राहिलं. मी मनात म्हटलं, मिळाली जागा.

"आता ते कानडी लाव," काका मध्येच म्हणाले. "ते आमच्या पोराच्या लग्नात लावलेलं. बायका लई नाचल्या होत्या."

मी सवयीनं हात मागं केला.

हातात काही पडलं नाही. वळून बघितलं तर मागं नुसती पेटी होती. बसू समोरच्या टेबलाशी उभा होता आणि माझ्याकडंच बघत होता. मी त्याला मानेनं खुणावलं. त्यानं काकांकडं बघितलं, मग परत माझ्याकडं, आणि ओठ दाबून जरा खांदे उडवले, म्हणजे आज आपण वेगवेगळे, मी कसा येऊ. ते एका अर्थी बरोबरच होतं.

मी पेटीत हात घातला. ठिपके माझेच, पण शोधायची सवय माझ्या हाताला नव्हतीच कधी. एक काढतोय, दुसरी काढतोय. तेवढ्यात चालू होतं ते गाणं संपलं आणि लॉनवर शांतता झाली. डीजेला याच्याएवढी लाज दुसरी नाही. कुठंतरी चिमण्या ओरडत होत्या, त्या ऐकू आल्या.

"असू दे, असू दे," काका म्हणाले. "न्हाई सापडत तर राहू दे."

"सापडतंय काका, एक मिनिट."

"राहू दे म्हटलं की. बसू, तुझ्यात हाय का ते?"

बसूनं दोन बोटांनी टकटक केलं आणि कानडी गाणं सुरू झालं. मी स्पीकरची वायर काढून त्याच्याकडं देईपर्यंतसुद्धा त्याला धीर नव्हता. त्यानं आधीच दुसरी जोडून ठेवली होती.

"बघा," काका खुशीत म्हणाले. "आता मिसळून दाखव. भरतेश करतोय तसं. सलग."

मी बाजूला जाऊन खांबाला टेकलो. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचीच काळजी वाटत होती. बसूला दोन गाणी जोडता येत नव्हती. कितीदा शिकवलं, पण त्याच्या हातात ठोका नव्हता. गाणी एकमेकांच्या अंगावर पडायची. आता काका हसणार आणि हा खजील होणार, मग आपण काहीतरी बोलून सावरून घेऊ, असं मी मनात जुळवत होतो.

बसूनं पडद्यावर काहीतरी दाबलं आणि गाणं लागलं. हळदीचं गाणं. त्यातून दुसऱ्यात गेला, आणि मी टेकलेला खांब सोडला. जोड इतकी स्वच्छ होती की मीच केली असती तर खूश झालो असतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात. त्याचे हात चालले होते, एक डोळा पडद्यावर, मान डोलत होती. हेडफोन मात्र गळ्यातच होता. मी म्हटलं, असेल, ह्याला रेघा दिसतात, ह्याला कानाची गरज नाही. लेकानं घरात गुपचूप मेहनत केली वाटतं. अजून मला राग आला नव्हता. उलट मला जरा कौतुकच वाटलं.

मग ढोलकीच्या गाण्यावर चौथं गाणं आलं, आणि येताना अर्धा ठोका मागं पडलं. मागं पडलं आणि लगेच कुणीतरी अंगठ्यानं पुढं ढकलल्यासारखं जाग्यावर आलं.

तो अंगठा माझा होता.

मला ते आधी अंगालाच कळलं, डोक्याला नंतर. त्रिशलाच्या, माझ्या बहिणीच्या हळदीत मी वाजवत होतो. बायकांनी मलाही पकडून हळद लावली होती, तेलातली हळद, दोन्ही हात भरले होते. तसाच येऊन टेबलाशी उभा राहिलो आणि चकतीवरून बोट सटकलं. अर्धा ठोका गेला. अंगठ्यानं सावरला. त्यावेळी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. बसू शेजारी होता, तो मात्र हसला होता.

म्हणजे बसू वाजवत नव्हता. त्या संध्याकाळी मिक्सरच्या मागं कधीतरी त्यानं रेकॉर्डर लावला असणार, मला न सांगता. तेच सगळं लॅपटॉपमध्ये भरून तो आता नुसता लावून उभा होता, आणि मान डोलवत होता. माझे हात माझ्याविरुद्ध वाजत होते. सीडीला लॅपटॉप हरवत नव्हता, मीच मला हरवत होतो, आणि माझी फजिती करणारा माणूस तो होता ज्याच्या हातावर मी चार दिवसांपूर्वी हात मारला होता. अंगाचा नुसता जाळ झाला.

मी दोन पावलं पुढं गेलो. काही अवघड नव्हतं. लॅपटॉपवर मधलं एखादं गाणं मी वगळायला गेलो असतो तरी काकांना सगळं कळलं असतं, कारण ते वगळता आलंच नसतं. सगळं एकाच फाइलमध्ये होतं. बसूनं मला येताना बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

आणि मी थांबलो. कारण पुढं काय येणार ते मला आठवलं.

माझे वडील, अण्णा, यंत्रमागाचे जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा तो जॉबर. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं घरातसुद्धा पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. माझ्या धंद्याला ते धिंगाणा म्हणायचे. पाहुण्यांत कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर सांगायचे, "बघतोय काम." मी त्यांच्यासमोर कधी वाजवलं नव्हतं. त्रिशलाची हळद पहिलीच वेळ. त्या चौथ्या गाण्यात ते गर्दीतून टेबलाशी आले. मला वाटलं, बंद करायला सांगणार. मी गाणं खाली घेतलं. अण्णांनी माझ्या हातातला माइक घेतला, उलटा का सुलटा बघितला, आणि बोलले.

"ऐका. हे वाजवतोय न्हवं, ह्यो माझा पोरगा हाय. भरतेश. चांगलं वाजवतोय."

माइकची काही गरजच नव्हती, तसंही सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मग माइक माझ्याकडं देऊन म्हणाले, "चालू कर आता." मी गाणं वर केलं. ते पुढच्या वर्षी गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या दारातच गेले. घरात त्यांचे फोटो आहेत. आवाज कुठं नव्हता. तेव्हा कोण कुणाचा आवाज भरून ठेवत होतं? ते वाक्य मला पाठ होतं, पण मनात आणायला गेलं की ते माझ्याच आवाजात यायचं. त्यांचा आवाज कसा होता हे मला हळूहळू आठवेनासं झालं होतं, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता तो येणार होता. ह्याच गाण्यात, ह्याच स्पीकरमधून.

"बास झालं," काका हात वर करून म्हणाले. "कळलं मला. बंद कर बसू."

"थांबा काका," मी म्हणालो. "ऐकू या जरा."

काकांनी चमकून माझ्याकडं बघितलं. "तुला बी आवडलं व्हय?"

"व्हय. जरा ऐकू या."

बसूचा हात बटणावर होता. मी त्याला म्हणालो, "बंद करू नको." त्यानं हात मागं घेतला. माझ्याकडं बघवेना त्याला, तो पडद्याकडं बघत राहिला.

अंतरा आला. गाणं खाली गेलं, अगदी तसंच, जसं मी तेव्हा घेतलं होतं. मी डोळे मिटले.

आणि गाणं लगेच वर आलं. आलं आणि पुढं निघून गेलं. काका म्हणाले, "वा, कसं खाली नेऊन वर आणलं," आणि मांडीवर थाप मारली.

मी तिथंच उभा होतो. मला वाटलं अजून येईल, पुढच्या कडव्यात असेल, आपल्या ध्यानात चुकलं असेल. पुढचं कडवं आलं, गेलं. गाणं बदललं.

"तर माझं ठरलं," काका उठत म्हणाले. "भरतेश, वाईट वाटून घेऊ नको. तुझं बी चांगलंच हाय. पण ह्याचं अगदी तुझ्यासारखंच हाय की. आणि मागितलेलं गाणं लगेच देतोय. मग मला सांग, दोन माणसं कशाला?"

मी बसूकडं बघितलं. आता तो बोलणार होता, ठेवायचं तर दोघांना. ठरलं होतं तसं.

"काका," बसू म्हणाला, "आम्ही एकत्रच शिकलोय. सारखं वाटणारच." त्यानं लॅपटॉपचं झाकण लावलं. "मोठं लग्न असलं की मी बोलवीन त्याला. मदतीला."

"हां, हे बरं," काका म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते जेवायला घराकडं गेले. आता बोललो असतो तर काय सांगणार होतो? बंद करू नको असं मीच म्हणालो होतो.

लॉनवर आम्ही दोघंच उरलो. बसू वायर कोपराला गुंडाळायला लागला. वायर गुंडाळताना तो नेहमी गुणगुणायचा, आज गप्प होता.

"त्रिशलाच्या हळदीचं हाय हे," मी म्हणालो.

"व्हय."

निदान तेवढं तरी खोटं बोलला नाही. "मला न सांगता भरलास."

"तेव्हा काय मनात नव्हतं गड्या. शप्पथ. त्या दिवशी तू लई भारी वाजवत होतास. म्हटलं, राहू दे एक. नंतर ऐकत बसायचो एकटाच." त्यानं वायर दुसऱ्या हातात घेतली. "घरात दुसरं पोर झालंय. तुझ्याबरोबर अर्ध्यात माझं भागत न्हाई. आणि काका एकालाच ठेवणार होते, हे तुला बी कळलं होतं. तू कबूल करत नव्हतास एवढंच."

"अण्णा कुठं हायत?"

वायर गुंडाळायची थांबली.

"बसू, मी विचारतोय, अण्णा कुठं हायत त्याच्यातले?"

"कापलं ते."

"का?"

"काका म्हणाले असते, हे कोण बोलाय लागलंय मधी. आणि तुझं नाव हाय त्याच्यात. ते ठेवून कसं चाललं असतं?"

"मूळचं असंल की. आख्खं."

त्यानं मान हलवली. "त्याच्यावरच सेव्ह झालं. रेकॉर्डरमधलं आधीच पुसलं होतं."

"परत मिळतंय काय? कुणाला तरी दाखवू या. लॅपटॉपमधलं काढतात म्हणे काही लोक."

"न्हाई मिळत. सांगलीला एकाला दाखवलं मी. न्हाई म्हणाला."

मला ते कळायला जरा वेळ लागला. "कधी दाखवलंस?"

"कापल्यावर. दुसऱ्या दिवशी."

म्हणजे त्याला माहीत होतं. कापताना माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सांगलीला जाण्याइतकं माहीत होतं. अण्णा गेले तेव्हा तिरडीला खांदा दिलेला माणूस. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून जेवलेला माणूस. त्याच्याकडं अण्णांचा आवाज होता, इतके महिने होता, तो एकटा बसून ऐकत होता, आणि मला एकदाही म्हणाला नाही की ये, ऐक.

मला रडायला यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"तू तेवढं ठेवलं असतंस ना बसू," मी म्हणालो, "तर मी स्वतः काकांना सांगितलं असतं, ह्यालाच ठेवा म्हणून. उद्यापासून खुशीनं मागावर गेलो असतो. तुला काय बी करायची गरज नव्हती. नुसतं माझ्या हातात आणून द्यायचं होतंस."

त्यानं वायर खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "हे मला आधी कळलं असतं तर."

त्याच्या तोंडावर खरोखर हळहळ होती. जागा आणखी सोप्यात मिळाली असती, ह्याची. निदान मला तरी ती तसलीच वाटली, आणि आजही तसलीच वाटते.

प्लेअर आणि मिक्सर पेटीत भरले. ती पेटी दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायची. तो सवयीनं पलीकडच्या कडीला हात घालायला आला. मी म्हणालो, "सोड." लॉनच्या फाटकापर्यंत मी ती एकट्यानंच ओढत नेली.

पुढच्या सोमवारी मी अण्णांच्याच जुन्या कारखान्यात माग चालवायला लागलो. तिथं खडखडाटात एकमेकांना ऐकू जावं म्हणून सगळेच अण्णांसारखं बोलतात, मोठ्यानं, जरा ओढून, शेवटचा शब्द फेकल्यासारखा. सुरुवातीला कितीतरी महिने कुणी पाठीमागून कुणालाही हाक मारली, तरी मी माग सोडून वळून बघायचो.